अंगठ्याच्या मुळाशी आलेले हाड



पायाविषयी विचारणारी तीन पत्रे या खेपेस एकापाठोपाठ आली आहेत. तिघांची गावे वेगळी, घरे वेगळी; पण दुखणे एकच. म्हणून तिघांना एकत्रच उत्तर देतो. ज्यांनी पत्र लिहिले नाही, पण ज्यांच्या घरात हे दुखणे आहे, त्यांनाही त्याचा उपयोग होईल.

पहिले पत्र भातपट्ट्यातील एका भगिनीचे आहे. वय पंचेचाळीस. उजव्या पायाच्या अंगठ्याच्या मुळाशी, आतल्या बाजूला हाड वर आले आहे आणि अंगठा शेजारच्या बोटावर रेलला आहे. लावणीच्या दिवसांत संध्याकाळी असा ठणका लागतो की रात्री पाय कुठे ठेवावा ते सुचत नाही. घरी सांगितले तर "वयाचे आहे, चालायचेच" असे उत्तर मिळते.

दुसरे पत्र एका वडिलांचे आहे. मुलगी नववीत शिकते. तिचा अंगठा आईच्या अंगठ्यासारखाच वाकडा होऊ लागला आहे. पुढे सोयरीक जमवताना अडचण नको, म्हणून आत्ताच ऑपरेशन करून तो सरळ करून घ्यावा का, असे ते विचारतात.

तिसरे पत्र एका मुलाने वडिलांविषयी लिहिले आहे. वडिलांना दहा वर्षांपासून साखरेचा आजार आहे. अंगठ्याजवळच्या उंचवट्यावर बूट घासून कातडी सोलवटली आहे. दुखत नाही म्हणून ते रोज शेतात जातच आहेत. शेजारचे एक गृहस्थ ब्लेडने तो घट्टा तासून देतो म्हणतात.

तिसऱ्या पत्राचे उत्तर आधी

हे उत्तर आधी देतो, कारण ते थांबण्यासारखे नाही. दादा, वडिलांना आजच्या आज दवाखान्यात घेऊन जा. ब्लेड लावू देऊ नका. भोवरी जाळण्याची पट्टी किंवा औषध लावू नका. गरम पाण्याचा शेक देऊ नका. ते बूट पुन्हा पायात घालू देऊ नका.

साखरेच्या आजारात पायाच्या नसा हळूहळू बधिर होतात आणि पुष्कळदा रक्तपुरवठाही कमी होतो. "दुखत नाही" ही अशा पायाच्या बाबतीत चांगली बातमी नव्हे. दुखणे हा आपल्या पायाचा राखणदार आहे. राखणदार झोपला की चोराला रान मोकळे. खडा टोचला, चटका बसला, बुटाने सोलले तरी माणसाला कळत नाही. तो त्याच जखमेवर चालत राहतो, जखम खोल जाते, हाडापर्यंत पू होतो, आणि शेवटी बोट किंवा पाय कापण्याची पाळी येते. यातले पुष्कळसे टाळता येते, पण ते जखम लहान असतानाच.

वेल्लोरच्या ख्रिश्चन मेडिकल कॉलेजात डॉ. पॉल ब्रँड १९४६ साली आले आणि त्यांनी कुष्ठरुग्णांच्या हातापायांवर पुढे अनेक वर्षे काम केले. कुष्ठरोग्याची बोटे झडतात ती रोगामुळे आपोआप झडत नाहीत. बधिर भागावर दाब पडत राहतो, जखमा होत राहतात आणि त्यातून ती झिजतात, हे त्यांनी दाखवून दिले. बधिर पायासाठी मऊ स्पंज-रबराची जी चप्पल आज एम. सी. आर. चप्पल म्हणून मिळते, ती याच विचारातून आली. साखरेच्या रुग्णालाही तीच समज लागू पडते. वडिलांची जखम भरून आली की त्यांच्यासाठी कशी पादत्राणे हवीत, हे डॉक्टरांना विचारून घ्या. आणि रोज रात्री झोपण्यापूर्वी त्यांचे दोन्ही तळवे व बोटांच्या बेचक्या घरातल्या कोणीतरी उजेडात पाहाव्यात. दोन मिनिटांचे काम आहे. सुनेने, नातवाने, कोणीही करावे.

हे हाड खरोखर वाढते का?

आता मूळ दुखण्याकडे वळू. डॉक्टर लोक याला 'बनियन' म्हणतात. अंगात घालायच्या बनियनशी याचा काही संबंध नाही, नुसते नावाचे साम्य आहे. शास्त्रीय नाव 'हॅलक्स व्हॅल्गस', म्हणजे बाहेर कललेला अंगठा. आपल्याकडे "हाड वाढलंय" असे म्हणतात, पण बहुतेक वेळा नवे हाड उगवलेले नसते. जुनेच हाड जागचे सरकलेले असते.

एका पायात २६ हाडे असतात. अंगठ्याच्या मागे तळपायात एक लांब, जाड हाड असते. ते आणि अंगठा यांच्यामध्ये सांधा असतो. पाऊल पुढे टाकताना टाच उचलली की अंगाचा भार याच सांध्यावरून पुढे जातो. हे लांब हाड हळूहळू आतल्या बाजूला, म्हणजे दुसऱ्या पायाकडे सरकते आणि अंगठ्याचे टोक उलट दिशेने, इतर बोटांकडे झुकते. गाडीचा जू आणि साटा एका रेषेत न राहता मधेच कोन पडावा, तसे होते. त्या कोनाचे टोक म्हणजे आपल्याला दिसणारा उंचवटा. त्यावर चप्पल-बूट घासला की कातडीखालच्या पाण्याच्या पिशवीला सूज येते आणि तो भाग लाल होऊन ठणकतो.

एकदा कोन पडला की स्नायूंची ओढही वाकडी पडते. त्यामुळे पुढे अंगठा आणखी झुकतो, शेजारचे बोट वर चढते किंवा वाकते, आणि बोटांच्या मागे तळव्यावर घट्टे पडतात. हे सारे वर्षानुवर्षांत होते, एका रात्रीत नव्हे.

कोणाला होते, कशाने होते?

पहिले कारण घराण्याचे. आई, मावशी, आजी यांना असेल तर मुलीला होण्याची शक्यता जास्त. पायाची ठेवण, सांध्यांचा सैलपणा हे वारशाने येते. पुरुषांपेक्षा स्त्रियांत हे दुखणे जास्त दिसते आणि वयाबरोबर वाढते. आमवातानेही सांधे सरकून असा अंगठा होतो.

दुसरे कारण पादत्राणांचे. पुढून निमुळता, आवळ बूट किंवा उंच टाचेची चप्पल अंगठ्याला इतर बोटांवर ढकलते. हाँगकाँगमधील दोन डॉक्टरांनी १९५८ साली एक पाहणी प्रसिद्ध केली. तिच्यात बूट वापरणाऱ्यांपैकी शंभरात ३३ जणांचे अंगठे असे वाकलेले आढळले. अनवाणी राहणाऱ्यांत शंभरात दोघेही नव्हते. इंग्लंडात केंब्रिज येथे जुन्या दफनभूमींतील १७७ सांगाड्यांचा अभ्यास झाला, तो २०२१ साली प्रसिद्ध झाला. अकराव्या ते तेराव्या शतकातील सांगाड्यांत हे दुखणे शंभरात ६ जणांना होते. चौदाव्या-पंधराव्या शतकात तेथे टोकदार बुटांची टूम निघाली आणि त्या काळातील सांगाड्यांत हे प्रमाण शंभरात २७ वर गेले. हौसेचे मोल पायांनी चुकवले ते असे.

मग अनवाणीच राहावे काय? मुळीच नाही. शेतात काटा, काच, धनुर्वाताचे भय, अंकुश-कृमी आणि साप हे सारे अनवाणी पायाची वाट पाहत असतात. सांगण्याचा मुद्दा एवढाच की पायात काहीतरी घालावे, पण ते पायाच्या आकाराचे असावे. पायाला त्याच्या आकाराचे करू नये.

या बाबतीत आपली कोल्हापुरी चप्पल बरी. पुढून उघडी असल्यामुळे ती बोटांना कडेने दाबत नाही. अंगठ्याची वादी मात्र उंचवट्यावर आवळ बसत असेल तर कारागिराकडून सैल करून घ्यावी.

पहिल्या पत्राचे उत्तर: घरी काय करावे?

ताई, तुमचे दुखणे "वयाचे" म्हणून सोसत बसण्याचे नाही. ठणका पुष्कळ कमी करता येतो. त्यासाठी पुढील गोष्टी करा.

१. पादत्राण बदला. हाच सर्वांत मोठा उपाय आहे. पुढून रुंद, वरून मऊ, टाच सपाट किंवा जेमतेम उंच, तळ जाडसर व लवचिक असा जोड घ्या. चिखलात गमबूट घालत असाल तर तो पुढून ऐसपैस आहे ना, हे मोजे घालून पाहा. असलेला चामडी बूट चांगला असेल तर कारागिराकडून नेमक्या उंचवट्याच्या जागी ताणून घेता येतो.

२. उंचवट्यावर घासणे थांबवा. मऊ फोमची किंवा लोकरीच्या कापडाची चकती कापून मध्ये भोक पाडा आणि ती उंचवट्याभोवती बसेल अशी लावा. चकती उंचवट्यावरच ठेवली तर दाब वाढतो. भोवती ठेवली तर कमी होतो.

३. सूज असेल त्या दिवशी संध्याकाळी पाय उशीवर उंच ठेवून दहा-पंधरा मिनिटे थंड शेक द्या. बर्फ असेल तर फडक्यात गुंडाळून. नसेल तर माठातल्या पाण्यात भिजवलेल्या फडक्याची घडी चालते. पाय बधिर असणाऱ्यांनी मात्र हे करू नये.

४. ठणका फारच असेल तर एक-दोन दिवस पॅरासिटामॉलची गोळी चालते. इतर वेदनाशामक गोळ्या दुकानातून परस्पर आणून रोज घेऊ नका. त्यांनी पोटात व्रण पडतात, मूत्रपिंडाला अपाय होतो, रक्तदाब वाढतो.

५. व्यायाम करा. जमिनीवर फडके टाकून ते पायाच्या बोटांनी गोळा करा. बोटे पंजासारखी पसरून दहा अंक मोजा. असे दहा-दहा वेळा, सकाळ-संध्याकाळ. यामुळे अंगठा सरळ होणार नाही, पण पायात जोर राहतो आणि दुखणे कमी होण्यास मदत होते.

६. जोडवी तपासा. अंगठा शेजारच्या बोटावर रेलला की जोडव्याने कातडी सोलते व तेथे पाणी साचून कुजते. तसे होत असेल तर काही दिवस जोडवे उतरवून ठेवावे. पायाला आराम पडावा यात अशुभ काही नाही.

अंगठा आणि बोट यांच्यामध्ये घालायचे रबरी तुकडे, रात्री बांधायच्या पट्ट्या बाजारात मिळतात. त्या घातलेल्या असेपर्यंत बरे वाटते. काढल्या की अंगठा पूर्ववत होतो. मोठ्या माणसाचा अंगठा त्यांनी कायमचा सरळ होत नाही. तेल, लेप, चोळणे यांनी हाड विरघळत नाही. आणि झटका देऊन "हाड बसवून देतो" म्हणणाऱ्याच्या हाती पाय देऊ नका. हे हाड निखळलेले नाही, की बसवले आणि बसले.

घरच्या मंडळींनाही एक शब्द सांगतो. दिवसभर गुडघाभर चिखलात वाकून काम करणारी बाई जेव्हा पाय दुखतो म्हणते, तेव्हा ती फार उशिरा सांगत असते. नव्या जोडाचे पैसे हा चैनीचा खर्च नव्हे. बैलाचा खूर दुखला तर आपण त्याला औताला जुंपत नाही.

दुसऱ्या पत्राचे उत्तर: ऑपरेशन कधी?

काका, मुलीचा अंगठा केवळ दिसायला वाकडा आहे म्हणून ऑपरेशन करू नये. कोणताही समंजस अस्थिरोगतज्ज्ञ हेच सांगेल. पायाची वाढ पुरी होण्याआधी ऑपरेशन केले तर अंगठा पुन्हा वाकण्याचा संभव जास्त असतो. तिला दुखत नसेल तर सध्या रुंद पादत्राणे द्या आणि वर्षातून एकदा डॉक्टरांना दाखवा. दुखत असेल तर मात्र लवकर दाखवा. सोयरीक अंगठा पाहून ठरवणारे घर मुलीला कसे वागवील, याचा विचार आपणच करा.

मुलांच्या पायाविषयी आणखी एक सांगण्यासारखे आहे. कर्नाटकातील मणिपाल येथील डॉक्टरांनी १९९२ साली चार ते तेरा वर्षांच्या २३०० मुलांच्या पायांची पाहणी प्रसिद्ध केली. ती सपाट तळव्यांविषयी होती. बूट-चपला वापरणाऱ्या मुलांत सपाट तळवे शंभरात ८.६, तर अनवाणी मुलांत २.८ होते, आणि बंद बुटांचा परिणाम सर्वांत जास्त दिसला. म्हणून शाळेतून आल्यावर मुलांनी आवळ बूट काढून ठेवावेत. स्वच्छ अंगणात, घरात पाय मोकळे असू द्यावेत.

ऑपरेशनची वेळ येते ती मोठ्या माणसांत, आणि तीही पादत्राणे बदलून, काळजी घेऊनही रोजचे चालणे व काम दुखण्याने अडत असेल तेव्हा. उभे राहून पायाचा एक्स-रे काढतात आणि कोन मोजतात. १५ अंशांपेक्षा जास्त कलला असेल तर अंगठा वाकडा समजतात. पण ऑपरेशनचा निर्णय कोनावरून नव्हे, त्रासावरून होतो.

या दुखण्यावर शंभराहून अधिक प्रकारची ऑपरेशने सांगितली गेली आहेत. त्यांचे सार असे: सरकलेले हाड नेमक्या जागी कापून पुन्हा रेषेत आणायचे आणि लहान स्क्रूने पक्के करायचे, त्याबरोबर एका बाजूला आवळलेल्या शिरा-बंध सैल करायचे. सांधा फार झिजला असेल तर तो कायमचा जोडून टाकतात. मग अंगठा वाकत नाही, पण दुखत नाही. नुसता उंचवटा तासून टाकला तर अंगठा वाकडाच राहतो व त्रास पुन्हा उद्भवतो.

पाय बधिर करून हे ऑपरेशन होते. पुष्कळदा त्याच दिवशी किंवा एक-दोन दिवसांत घरी सोडतात. खरी परीक्षा त्यानंतर असते. हाड सांधायला सुमारे सहा आठवडे लागतात. तोपर्यंत कडक तळाचा खास बूट घालून, बहुतेक भार टाचेवर देऊन, घरातल्या घरात चालायचे. सूज पुरती उतरायला तीन ते सहा महिने लागू शकतात. नांगरट, ओझी, चिखल ही कामे तीन महिने तरी विसरायची.

म्हणून शेतकऱ्याच्या घरी मुहूर्त पाहायचा तो कामाचा. पेरणी-लावणीच्या तोंडावर हे ऑपरेशन करू नये. रब्बीची काढणी उरकल्यावर केले तर पाऊस पडेपर्यंत पायाला कोरडे, मोकळे दिवस मिळतात. जोडवी आधीच उतरवून ठेवावीत. तंबाखू, विडी सोडावी; तिने हाड सांधायला उशीर लागतो. साखर आटोक्यात आणावी.

धोकेही सांगितले पाहिजेत. जखमेत पू होणे, अंगठा ताठर राहणे, थोडा बधिरपणा, इतर बोटांखाली दुखणे, काही वर्षांनी पुन्हा वाकणे, क्वचित पायाच्या शिरेत रक्त गोठणे, हे होऊ शकते. बहुतेकांना आराम पडतो, सर्वांना नाही. डॉक्टरांना हे मोकळेपणाने विचारा. खर्चाविषयी आणि सरकारी योजनेविषयी दाखल होण्याआधीच रुग्णालयातील आरोग्यमित्राकडे चौकशी करा. सुरुवात प्राथमिक आरोग्य केंद्रापासून करावी. तेथून जिल्हा रुग्णालयातील अस्थिरोग विभागाकडे पाठवतात.

प्रत्येक गाठ हे हाड नव्हे

रात्रीत अंगठ्याचा सांधा लालभडक, गरम होऊन पांघरुणाचा स्पर्शही सोसवत नसेल, तर तो युरिक आम्लाचा वात असू शकतो. त्याचे औषध वेगळे. ताप, लाली आणि पू असेल तर जंतूंचा प्रादुर्भाव समजून लगेच जावे.

आणखी एक रोग शेतकऱ्याने ओळखलाच पाहिजे. पाय हळूहळू सुजतो, फारसा दुखत नाही, मग त्याला छिद्रे पडून पुवाबरोबर काळे, पांढरे किंवा लाल रव्यासारखे कण बाहेर येतात. मदुराई भागात दिसला म्हणून याला 'मदुरा पाय' नाव पडले. मुंबईत व साताऱ्यास काम केलेल्या डॉ. हेन्री कार्टर यांनी १८७४ साली यावर एक ग्रंथच लिहिला. काट्याच्या जखमेतून जंतू शिरून हा रोग होतो. लवकर उपचार झाले तर पाय वाचतो.

येत्या बाजाराच्या आधी

आपल्याकडे घरच्यांसाठी जोड आणताना सुतळीने किंवा काडीने पायाचे माप नेतात. त्या मापात लांबी येते, रुंदी येत नाही. आणि अंगठा वाकतो तो रुंदी कमी पडल्याने. म्हणून असे करा. संध्याकाळी, पाय थोडे फुगलेले असताना, प्रत्येकाला जुन्या वर्तमानपत्रावर उभे करा आणि पेन्सिल सरळ धरून दोन्ही पायांभोवती रेघ ओढा. आकृती कापून नाव घाला. बाजारात त्या आकृतीवर बूट ठेवा. आकृती बुटाच्या तळाबाहेर डोकावत असेल तर तो जोड कितीही स्वस्त असो, परत करा. पुढे बोटाच्या रुंदीएवढी जागा मोकळी हवी. वाढत्या मुलांचे माप दर चार महिन्यांनी नव्याने घ्या. थोरल्याचे झिजलेले बूट धाकट्याला घालू नका. ते दुसऱ्याच्या पायाच्या ठेवणीने वळलेले असतात.

एवढे केले तर पुढच्या पिढीतले निदान काही अंगठे तरी सरळ राहतील. पुढील अंकी टाचांच्या भेगांविषयी पाहू.